लेकराला जुलाब लागले तर: ओआरएस, झिंक आणि पुढचे चार-पाच दिवस

मुलाला जुलाब लागले की घरातल्या सगळ्यांचं लक्ष शीवर असतं. किती वेळा झाली, रंग कसला, वास कसला, आता तरी थांबली का. लक्ष खरं तर शूवर हवं, डोळ्यांवर हवं आणि जिभेच्या ओलाव्यावर हवं. विषाणूंमुळे होणारे जुलाब बहुतेक वेळा तीन ते सात दिवसांत आपले आपण थांबतात. मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ते भरून काढायचं काम दवाखान्यापेक्षा घरीच जास्त होतं. चमच्याने, चिकाटीने आणि नीट माप धरून.

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखी शी झाली तर जुलाब म्हणायचे. अंगावर पिणारं तान्हं बाळ दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, दाणेदार, सैलसर शी करतं. बाळ हसतंखेळतं आहे, वजन वाढतं आहे, तर ते जुलाब नव्हेत. अशा शीसाठी बाळाला कोणतंही औषध देऊ नका. दुसरा घोळ दातांचा. ‘दात येतायत, होणारच’ म्हणत चार दिवस काढले जातात. दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्याच वयात बाळ रांगायला लागतं आणि चप्पल, रिमोट, फरशीवरचा मुरमुरा, सगळं तोंडात घालतं, म्हणून होतात.

पाणी किती कमी झालंय ते कसं ओळखायचं

सगळ्यात उपयोगी खूण शूची, आणि नेमकी तीच डायपरमुळे कळत नाही. पातळ शी डायपरमध्ये पसरते आणि शू झाली की नाही याचा पत्ता लागत नाही. म्हणून जुलाब असेपर्यंत घरात असताना कापडी लंगोट वापरा, किंवा डायपरच्या पुढच्या भागात कापसाचा जाडसर पट्टा ठेवा. तो वेगळा ओला झाला की शू झाली असं समजायचं. सहा ते आठ तासांत एकदाही शू नाही, किंवा झाली ती थोडी आणि गडद पिवळी, म्हणजे पाणी कमी पडतंय.

दुसरी खूण चिमटीची. मूल उताणं झोपवा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांनी उचला. नखांनी नाही, नाहीतर मूल रडेल आणि काही कळणार नाही. घडी उभी पडली पाहिजे, अंगाच्या लांबीच्या दिशेने. एक क्षण धरून सोडा. कातडी लगेच सपाट झाली तर ठीक. घडी क्षणभर दिसत राहिली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त टिकली तर प्रकरण गंभीर आहे. अगदी हडकुळ्या मुलाची कातडी एरवीही हळू बसते आणि गुबगुबीत मुलाची पाणी कमी असूनही पटकन बसते, म्हणून नुसत्या चिमटीवर विसंबू नका. सोबत पाहा: डोळे खोल गेलेत का (आईला विचारा, तिला नेहमीचे डोळे माहीत असतात), रडताना अश्रू येतात का, जीभ कोरडी आहे का, टाळू बसली आहे का, मूल चिडचिडं झालंय का, पाणी दिसलं की अधाशासारखं झेपावतं का.

घरात वजनकाटा असेल तर पहिल्याच दिवशी वजन लिहून ठेवा. दहा किलोच्या मुलाचं वजन दोन दिवसांत अर्धा किलो उतरलं, तर ती चरबी नव्हे, गेलेलं पाणी आहे.

ओआरएस: पाकीट पूर्ण, पाणी मोजून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

बाजारात दोन मापांची पाकिटं मिळतात. एक लिटरचं, ज्यात साधारण २० ते २१ ग्रॅम पावडर असते, आणि २०० मिलीचं, ज्यात चार ग्रॅमच्या आसपास असते. सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणारं पाकीट बहुधा लिटरचं असतं. ते अख्खं एका पेल्यात ढवळून दिलं की पाचपट तीव्र पाणी पोटात जातं. रक्तातलं मीठ वाढतं, मूल आणखी तहानतं, चिडतं, आणि वाढत गेलं तर झटके येतात. उलट, ‘थोडं थोडं करू’ म्हणून लिटरच्या पाकिटातली अंदाजे चिमूटभर पावडर पेल्यात टाकली तर काय गेलं कुणालाच सांगता येत नाही. पावडरीत मीठ, साखर आणि बाकीचे क्षार सारखे मिसळलेले राहतातच असं नाही. मूल लहान आहे आणि लिटरभर वाया जाईल असं वाटत असेल तर २०० मिलीची पाकिटं आणा.

करायची रीत अशी:

१. साबणाने हात धुवा. पाणी उकळून पूर्ण गार होऊ द्या. उकळायची सोय नसेल तर घरातलं पिण्याचं सर्वांत स्वच्छ पाणी घ्या.

२. पाणी मोजा. लिटरसाठी विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली हे सर्वांत सोपं माप. २०० मिलीसाठी मिलीच्या खुणा असलेली दुधाची बाटली किंवा मोजपात्र घ्या. स्टीलच्या पेल्यावर भरवसा नको. घरोघरी पेले १८० पासून ३०० मिलीपर्यंत कितीही असतात.

३. पाकीट कात्रीने कापा, पूर्ण रिकामं करा, कोपऱ्यात अडकलेली पावडरही झटका. तळाशी काही राहणार नाही इतकं ढवळा.

४. चाखून पाहा. आसवांइतकं खारट लागलं पाहिजे. त्याहून खारट लागलं तर पाण्याचं माप चुकलं आहे. ओतून द्या आणि नवं करा.

५. झाकून ठेवा, वर किती वाजता केलं ते लिहा. २४ तासांनी उरलेलं फेका. मिसळल्यावर उकळायचं नाही; दूध, सरबत, वरून साखर काहीही घालायचं नाही.

साखर का घालायची नाही ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबात बाकीचं शोषण बिघडलं तरी हा रस्ता बराचसा चालू असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. साखर याच्या बरीच वर गेली की उलटी गंगा वाहते: न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. शीतपेयात आणि डब्यातल्या ज्यूसमध्ये १०० मिलीला साधारण दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे ओआरएसच्या सात-आठ पट. ग्लुकोज पावडरचं पाणीही त्यातलंच, वर मीठ जवळजवळ नाही.

म्हणूनच दुकानातल्या रंगीत, फळांच्या चवीच्या तयार डब्यांबद्दल सावध राहा. नावात ‘ओआरएस’ आणि आत भरपूर साखर, असा प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. पाकीट औषधाच्या दुकानातून घ्या आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र, म्हणजे वर दिलेली चार नावं आणि मापं, छापलेली आहेत का ते वाचा.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचंच असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलीचा हवा आणि वरून सुरीने सपाट केलेला. ढीग लावलेला नाही. यात पोटॅशियम नसतं आणि मिठाचं माप चुकायला वेळ लागत नाही, त्यामुळे रात्र काढण्यापुरतंच. त्यापेक्षा मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा मीठ घातलेलं ताजं ताक (सहा महिन्यांवरच्या मुलाला) देणं जास्त सोपं. शहाळ्याचं पाणी सोबतीला चालेल, पण त्यात सोडियम कमी असतं, म्हणून ओआरएसच्या जागी नाही.

किती आणि कसं पाजायचं

पाणी कमी झाल्याच्या खुणा नसतील तर प्रत्येक पातळ शीनंतर हे माप: दोन महिने ते दोन वर्षं, ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षं, १०० ते २०० मिली. मधल्या वेळात नेहमीचं पाणी, दूध, जेवण. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी छातीशी घ्या, नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त वेळ. ओआरएस त्याच्या वर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवी वरचं पाणी द्यायचं नसतं, पण जुलाबात ओआरएस चालतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी थांबवूच नका, दूध पाजत डॉक्टरांकडे न्या.

खुणा दिसत असतील, म्हणजे डोळे खोल, चिडचिड, अधाशी तहान, चिमटी हळू बसते, तर दवाखाना गाठा. तिथे चार तासांत किलोमागे ७५ मिली या हिशेबाने ओआरएस पाजून पुन्हा तपासतात. दहा किलोच्या मुलाला ७५० मिली. आकडा ऐकून धडकी भरते, पण हिशेब करा: पाच मिलीचा एक चमचा दर दीड मिनिटाला दिला तर तासाला २०० मिली होतात. चार तासांत काम झालं. दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात बसूनही हा चमचा चालू ठेवायचा.

चमचाच का? तहानलेलं मूल बाटलीने घटाघटा पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. मग घरचे म्हणतात, ‘त्याला ओआरएस झेपत नाही.’ ओआरएस झेपतं, वेग झेपत नाही. मोठ्या मुलाला पेल्यातून छोटे घोट द्या. चमचा नाकारणाऱ्या बाळाला सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला दोन-दोन मिली सोडा, घशात नाही. चव आवडत नसेल तर गार करून द्या.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा सुरू करा, आधीपेक्षा हळू: दोन-तीन मिनिटांना एक चमचा. तीन मिनिटांना एक चमचा म्हणजेसुद्धा तासाला १०० मिली जातात. थंडीच्या दिवसांत रोटाविषाणूचा आजार बऱ्याचदा उलट्या आणि तापानेच सुरू होतो, जुलाब दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस असा चमच्याचमच्याने काढला की पुढे सोपं जातं. उलट्या थांबतच नसतील तर डॉक्टर ऑनडॅनसेट्रॉनचा एखादा डोस देतात. मागच्या आजारपणातली उरलेली बाटली काढून स्वतः देऊ नका.

एक गोष्ट आधीच मनाशी बांधा: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. पाजलं तरी शी चालूच राहते, आणि तिथेच आजी आणि शेजारीण दोघी म्हणतात, ‘बघ, पाजलं की लगेच होते.’ ते काही पेलाभर आत गेलेलं लगेच बाहेर आलेलं नसतं. पोटात काही गेलं की आतडं हलतं, एवढंच. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. पटकीचे जुलाब त्या पाण्यानेही लगेच थांबले नव्हते, माणसं तगली.

झिंक, पूर्ण चौदा दिवस

ओआरएस सगळ्यांना माहीत असतं, झिंक अर्ध्यांना, आणि चौदा दिवस देणारे फारच थोडे. झिंकमुळे आतड्याचं अस्तर लवकर भरून येतं, जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा लागण्याची शक्यता घटते. हा पुढचा फायदा पूर्ण कोर्स केला तरच. मात्रा अशी: दोन ते सहा महिने, रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षं, रोज २० मिलिग्रॅम. विरघळणारी गोळी २० मिलिग्रॅमची असते, लहान बाळाला मधल्या रेघेवर तोडून अर्धी. चमच्यात थोडं आईचं दूध, उकळून गार केलेलं पाणी किंवा ओआरएस घ्या, त्यात गोळी टाका, मिनिटभरात विरते. चमच्याला चिकटलेला साका पुन्हा थोड्या पाण्याने खळबळून पाजा.

चव जराशी धातूसारखी असते आणि रिकाम्या पोटी दिलं तर मळमळ होते, म्हणून खाल्ल्यावर द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर एकदा परत द्या. सिरप असेल तर लेबलवर पाच मिलीत किती मिलिग्रॅम झिंक आहे ते पाहून मिली ठरवा. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात.

खाणं बंद करायचं नाही

‘पोटाला आराम द्या’ हा सल्ला मुलाला अशक्त करतो. उपाशी आतडं लवकर बरं होत नाही. नेहमीचंच, मऊ आणि थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी: मऊ मुगाची खिचडी वर चमचाभर तूप, वरणभात, दहीभात, कुस्करलेलं केळं, नाचणीची खीर, उकडलेला बटाटा. नुसती पातळ पेज, नुसतं साबुदाण्याचं पाणी यांनी पोट भरतं, ताकद येत नाही. पेज देताना तिच्यातला भातही घोटून द्या. दूध तोडायची गरज नसते आणि पाणी घालून पातळही करायचं नाही. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, उतरलेलं वजन त्यातूनच भरतं.

जायफळाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गुटीच्या सहाणेवर ते असतंच. दोन वळसे, चार वळसे करता करता किती उगाळलं जातं याला माप नाही, आणि जायफळाने गुंगी येते. इकडे पाणी कमी झालेलं मूल सुस्तावणं ही तर सर्वांत धोक्याची खूण. ‘जायफळाने छान झोपलंय’ आणि ‘शुद्ध हरपत चाललीय’ यातला फरक रात्री दोन वाजता कुणाला कळणार? जुलाब चालू असताना जायफळ नको. मधही नको, वर्षाच्या आतल्या बाळाला तर कधीच नको.

औषधांच्या पेटीतलं काय द्यायचं नाही

लोपेरामाइड, म्हणजे मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या, लहान मुलांना द्यायच्या नाहीत. आतड्याची हालचाल अडते, घाण आतच साचते आणि पोट फुगतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शीमध्ये रक्त असेल किंवा पटकीचा संशय असेल तेव्हा डॉक्टर ते ठरवतात.

तापासाठी पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम: पाच मिलीत १२५ असलेल्या सिरपचे ६ मिली, २५० असलेल्याचे ३ मिली, आणि एका मिलीत १०० असलेल्या थेंबांचे दीड मिली. नाव एकच, बाटल्या तीन. घोटाळा इथेच होतो. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक अॅसिड मात्र अंगातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडाला जड जातात, ते घरच्या घरी नको.

सततच्या शीने ढुंगण लाल होतं. पुसू नका, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा खोबरेल तेल जाडसर लावा.

हे दिसलं तर वाट पाहू नका

मूल सुस्त आहे, हाक मारली तर नीट जागं होत नाही. पिऊच शकत नाही, किंवा घेतलेलं सगळं उलटतं. चिमटी दोन सेकंदांहून जास्त राहते. शीमध्ये रक्त आहे. उलटी हिरवी आहे. झटका आला. पोट फुगलंय. आठ तासांत शू नाही. तासाला दोन-तीन मोठ्या, तांदळाच्या धुवणासारख्या शी होतायत. यातलं काहीही दिसलं तर रात्र असो, सण असो, निघा. गाडी नसेल तर १०८ लावा. आणि एक खास चित्र लक्षात ठेवा: सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग दहा-पंधरा मिनिटं शांत पडतं, पुन्हा तसंच रडतं, आणि नंतर लाल जेलीसारखी शी होते. हे जुलाब नव्हेत, आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. बालशल्यचिकित्सक असलेलंच रुग्णालय गाठा.

तीव्र खुणा नसूनही जुलाब चौदा दिवसांपर्यंत रेंगाळले, किंवा मूल आधीच कुपोषित आहे, नुकतीच गोवराची लागण होऊन गेली आहे, तर नुसतं ओआरएस पुरत नाही, तपासणी हवी.

पुढच्या वेळेसाठी

रोटाविषाणूची लस सरकारी वेळापत्रकात आहे, तोंडावाटे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, फुकट. ती उशिरा सुरू करता येत नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत पहिला डोस गेला नसेल तर संधी गेली. दुधाची बाटली आणि तिचं बूच हे जंतूंचं आवडतं घर आहे, वाटी-चमचा धुवायला सोपा. बाळाची शी धुतल्यावर आणि भरवायच्या आधी साबण. नुसतं पाण्याखाली हात धरून भागत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर गाळून मग उकळा, आणि खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट राहू द्या.

घरात लिटरची दोन आणि २०० मिलीची चार पाकिटं, झिंकच्या चौदा गोळ्या आणि मिलीच्या खुणांची एक बाटली एकाच डब्यात ठेवा. गावाला जाताना तोच डबा पिशवीत टाका. दर सहा महिन्यांनी पाकिटांवरची मुदत पाहा. आतली पावडर तपकिरी पडली असेल किंवा गोळा होऊन पाण्यात विरत नसेल, तर ते पाकीट फेकून नवं आणा.